हात कापतो, पण केव्हा?

पार्किन्सनचं निदान नेहमीच्या कुठल्याही रक्ततपासणीत होत नाही. मेंदूचा एमआरआय काढला तरी तो बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. तो काढायचा तो दुसरं काही नाही ना, एवढं बघण्यासाठी. निदान होतं ते माणसाला नीट पाहून, त्याला चालवून, हात-बोटं हलवायला लावून आणि घरच्यांचं ऐकून. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं ते अवघ्या 6 जणांवरून, आणि त्यातले काही तर त्यांना रस्त्यात दिसलेले होते. त्यानंतर दोनशे वर्षांत औषधं आली, शस्त्रक्रिया आल्या; डोळ्यांनी पाहण्याचं महत्त्व मात्र तेवढंच राहिलं आहे.

डॉक्टरांना हे पाहायला मिळतात पाच-दहा मिनिटं. कल्याण-डोंबिवलीहून मुंबईत शीव, परळ किंवा भायखळ्याचं रुग्णालय गाठायचं म्हणजे रिक्षा, जिना, गर्दीची लोकल, पुन्हा जिना आणि मग ओपीडीची रांग. ठाण्यात खासगी डॉक्टरांची वेळ घेतली तरी बराच वेळ बसावं लागतंच. एवढ्या दगदगीनंतर कंप एक तर नेहमीपेक्षा जास्त दिसतो, कारण थकव्यानं आणि ताणानं तो वाढतो. नाहीतर नेमका तेव्हा गायब असतो, कारण निघताना घेतलेली गोळी ऐन भरात असते. मग घरचे सांगतात, "घरी खूप कापतो हो हात." या वाक्यातून डॉक्टरांच्या हाती फारसं काही लागत नाही. हात किती कापतो यापेक्षा तो केव्हा कापतो, कुठल्या स्थितीत कापतो आणि कशानं थांबतो, हे त्यांना हवं असतं. आणि ते सांगू शकतं ते चोवीस तास बरोबर राहणारं घरातलंच माणूस. पुस्तकातल्या वर्णनाशी कंप जुळत नसेल, तर या निरीक्षणाची किंमत आणखी वाढते.

नेहमीचा कंप कसा असतो, ते आधी थोडक्यात पाहू. हात मांडीवर निवांत असताना तो येतो. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहतात, सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा. सुरुवात एकाच बाजूनं होते आणि पुढे दोन्हीकडे आला तरी पहिली बाजू जास्त कापते. काम करायला हात उचलला की तो कमी होतो, झोप लागली की थांबतो. टीव्ही बघत बसलेल्या आईच्या एकाच हातातल्या बांगड्या किणकिणत राहतात, आणि तिनं रिमोट उचलला की आवाज बंद होतो; हे अगदी नेमकं लक्षण आहे. साधारण चार-पाच रुग्णांतल्या एकाला तर कंप येतच नाही, नुसता ताठरपणा आणि मंदपणा येतो. म्हणून "हात कुठे कापतोय, मग पार्किन्सन कसला?" असं म्हणून विषय संपवू नये.

आत थरथरतं, बाहेर दिसत नाही

काही जण सांगतात, बाहेरून काही नाही, पण आत थरथरतंय. छातीत, पोटात, पाठीच्या कण्यात, मांड्यांत. फास्ट लोकल धडधडत जाताना प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसलेल्याला खालून जशी थरथर जाणवते तशीच ही, फक्त गाडी निघून गेली तरी ती थांबत नाही. घरच्यांनी हात लावून पाहिला तर काही लागत नाही. मग "मनाचे खेळ आहेत", "टेन्शन घेऊ नका" असं ऐकून घ्यावं लागतं आणि माणूस त्याबद्दल बोलायचंच बंद करतो.

हे मनाचे खेळ नाहीत. आतला कंप पार्किन्सनमध्ये चांगलाच परिचयाचा आहे. रुग्णांना मुद्दाम विचारलं तेव्हा तीनांतल्या एकानं किंवा त्याहून अधिकांनी तो जाणवत असल्याचं सांगितलेलं आहे. फक्त डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्ण सांगत नाही. त्यातून इजा होत नाही, पण झोप उडते आणि जीव घाबरा होतो. जीव घाबरा झाला की कंप वाढतो.

असं पहिल्यांदाच होत असेल तर फॅमिली डॉक्टरांकडून ईसीजी, रक्तातली साखर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं, कारण छातीतली थरथर हृदयाच्या अनियमित ठोक्यांचीही असू शकते. पार्किन्सनचं निदान आधीच झालेलं असेल, तर आतला कंप सुरू झाल्यावर घड्याळ पाहावं. पुढची गोळी घ्यायला अर्धा-पाऊण तास उरलेला असताना तो रोज येत असेल, सोबत घाम, अस्वस्थता असेल आणि गोळी लागू पडल्यावर तो ओसरत असेल, तर गोळीचा असर वेळेआधी उतरतो आहे, असं समजायला जागा आहे. त्यावर डॉक्टरांकडे उपाय असतात. पण "आत कसंतरी होतं" एवढ्या सांगण्यावरून ते सुचणार नाहीत. "दुपारी 12 ची गोळी, साडेतीनला थरथर, 4 ची गोळी, पावणेपाचला बंद" असं सांगितलं तर सुचतील.

तीर्थासाठी पुढे केलेला हात

देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे केला. पहिले काही सेकंद तळहात अगदी स्थिर. पुजारी शेजारच्याला प्रसाद देत होते, म्हणून हात तसाच धरून ठेवावा लागला. पळी जवळ येईपर्यंत बोटं थरथरायला लागली आणि तीर्थ मनगटावरून ओघळलं. वाचायला धरलेल्या पेपरचं असंच होतं. आधी ठीक, मग पानं फडफडू लागतात. कानाशी धरलेल्या मोबाइलचं, बोलता बोलता हातात राहिलेल्या चहाच्या कपाचंही तेच.

हा कंप पाहून "हात उचलल्यावर कापतो, म्हणजे पार्किन्सन नाही" असा निष्कर्ष घरचे काढतात, आणि घाईत असलेल्या डॉक्टरांचाही कधी कधी तसा समज होतो. खरं तर हा विश्रांतीतलाच कंप असतो. हात हलवताना तो क्षणभर दबतो, आणि हात नव्या जागी स्थिरावला की पुन्हा डोकं वर काढतो. मधली ती काही सेकंदांची उसंत हीच त्याची खूण. याउलट ज्याला 'इसेन्शियल ट्रेमर' म्हणतात, त्या दुसऱ्या आणि पार्किन्सनपेक्षा जास्त आढळणाऱ्या आजारात हात समोर धरल्याबरोबर कापू लागतो, बहुधा दोन्ही हात, आणि वाटी तोंडाशी नेताना, सही करताना तो आणखी वाढतो. तो अनेकदा घराण्यात चालत आलेला असतो; आजोबांचे, आत्याचे हात असेच कापायचे, असं आठवतं. मान 'नाही नाही' म्हटल्यासारखी हलणं, आवाज कापरा होणं हेही त्या आजारात किंवा मानेच्या स्नायूंच्या आजारात जास्त. पार्किन्सनमध्ये नुसतं डोकं हलणं क्वचितच. दोन्ही आजारांची औषधं निराळी आहेत, त्यामुळे ही मधली उसंत आहे की नाही, हे सांगणं फार मोलाचं ठरतं.

अक्षरावरूनही थोडं कळतं. पार्किन्सनमध्ये अक्षर ओळीगणिक बारीक होत जातं, इसेन्शियल ट्रेमरमध्ये ते मोठं आणि नागमोडी होतं. कोऱ्या कागदावर एकच वाक्य 10 वेळा लिहायला सांगा, खाली हात न टेकवता एक मोठी चकली काढायला सांगा, तारीख घाला आणि कागद जपून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा तेच करा.

जबडा, पाय आणि चालताना

हनुवटी, ओठ किंवा खालचा जबडा गप्प बसलेला असताना कापू शकतो. बोलायला-खायला लागलं की थांबतो. कवळी असेल तर दातांची टकटक शेजारच्याला ऐकू येते, आणि घरचे कवळी सैल झाली म्हणून दंतवैद्याकडे नेतात. नेऊ नये असं नाही. कवळी खरंच सैल असेल तर बसवून घ्यावी, पण टकटक एका लयीत आणि फक्त गप्प असतानाच होते का, ते पाहून ठेवावं. जीभ सारखी बाहेर येणं, तोंड चघळल्यासारखं हलत राहणं हा निराळा प्रकार आहे, तो बऱ्याचदा औषधांमुळे होतो. अशा औषधांबद्दल पुढे सांगतो.

पायाचा कंप खुर्चीत बसल्यावर दिसतो. टाच वर-खाली होते, चप्पल फरशीवर टपटपते. काहींची तक्रार मात्र वेगळीच असते, उभं राहवत नाही. रेशनच्या रांगेत, लोकलची वाट बघताना प्लॅटफॉर्मवर पाय लटपटतात आणि पडेन असं वाटतं; चालायला लागलं किंवा बसलं की बरं वाटतं. पोटरीवर हात ठेवला तर बारीक कंप हाताला लागतो. उभं राहिल्यावरच येणारा हा कंप ईएमजी या स्नायूंच्या तपासणीत ओळखता येतो. पण त्याआधी घरी एक गोष्ट करून पाहा. आडवं असताना पाच मिनिटांनी रक्तदाब मोजा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर पाय लटपटण्याचं कारण कंप नसून उतरलेला दाब असू शकतं. पार्किन्सनमध्ये आणि त्याच्या गोळ्यांमुळे हे बरंच घडतं. ते लगेच डॉक्टरांच्या कानावर घालावं.

चालताना एक हात लोंबकळता राहून त्याची बोटं कापत असतील, तर तेही टिपून ठेवा. मन दुसरीकडे गुंतलं की कंप उघडा पडतो. म्हणूनच डॉक्टर शंभरातून सात-सात वजा करायला लावतात. घरी उलटे आकडे म्हणायला सांगून हेच पाहता येतं.

प्रत्येक हालचाल म्हणजे कंप नव्हे

पाच-सात वर्षं लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनची मुख्य गोळी, घेणाऱ्या काही रुग्णांत नवीनच हालचाल सुरू होते. खांदे, मान, धड लचकत राहतं, पाय वळवळतो, माणूस खुर्चीत स्वस्थ बसू शकत नाही. घरचे म्हणतात, कंप वाढला. हा कंप नाही. कंपाला ठेका असतो, एकाच लयीत पुढे-मागे. या हालचालीला ठेका नसतो, ती वाहती, वेडीवाकडी असते. ती सहसा गोळी ऐन भरात असताना येते, कंप मात्र गोळी उतरल्यावर वाढतो. दोन्हींत फरक न कळल्यास काय होतं पाहा. कंप समजून गोळी वाढवली तर ही वळवळ आणखी वाढते, आणि वळवळ समजून गोळी कमी केली तर माणूस ताठरून बसतो. पहाटे पायाची बोटं आत वळून दुखणं हा तिसरा प्रकार, रात्रभर गोळी नसल्यामुळे येणारा. या तिन्हींचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ वेळेसकट दाखवले, तर डॉक्टरांचं काम निम्मं होतं.

आणखी एक. लेव्होडोपानं ताठरपणा आणि मंदपणा जितका हमखास सुधारतो, तितका कंप सुधारेलच असं नाही. त्यामुळे हात अजून कापतोय म्हणजे गोळी निरुपयोगी, असं ठरवून ती सोडून देऊ नका. चालणं, कूस बदलणं, शर्टाची बटणं लावणं यांत फरक पडला का, ते बघा. आणि कंप ठळक असणं म्हणजे आजार जास्त, असंही नाही. कंपप्रधान पार्किन्सन बऱ्याचदा सावकाश वाढतो. कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची गोळीही दिली जाते. तरुण रुग्णात ती उपयोगी पडते, पण सत्तरीपुढच्या माणसाला तिनं विसरभोळेपणा, भास, लघवी अडणं, बद्धकोष्ठ होऊ शकतं. गोळी सुरू झाल्यानंतर आजोबा बरळू लागले, तर वयाला दोष देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

गोळ्यांचा डबा उघडा

मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते याविषयी. पार्किन्सनसारखा दिसणारा कंप आणि ताठरपणा औषधांमुळेही येतो, आणि ती औषधं फार साधी समजली जातात. पित्तासाठी, पोट फुगण्यासाठी दिल्या जाणाऱ्या कित्येक कॅप्सूलांमध्ये पँटोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलबरोबर लेव्होसल्पिराइड असतं. चक्करेसाठी सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन, अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड. पार्किन्सनमध्ये मेंदूतलं जे डोपामिन कमी पडतं, त्याच्याच कामात ही औषधं अडथळा आणतात. डॉक्टरांनी आठ-पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी "बरं वाटतं" म्हणून पुढे मेडिकलमधून महिनोन्महिने आणली जाते, आणि एक दिवस दोन्ही हात कापायला लागतात, ओठ थरथरतात, चाल मंदावते. मग नवीन आजार आला म्हणून पार्किन्सनची गोळी सुरू होते, आणि पित्ताची कॅप्सूल चालूच राहते.

अशा कंपाच्या खुणा साधारण या: काही आठवड्यांत वा महिन्यांत झपाट्यानं आलेला, बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी सारखा, आणि त्याच्या आधी कुठलीतरी नवी गोळी सुरू झालेली. औषध बंद केल्यावर तो बहुतेकांत जातो, पण त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. काहींत तो जात नाही. त्यांच्यात पार्किन्सन आधीपासूनच दबा धरून बसलेला असतो आणि औषधानं तो उघड केलेला असतो. ज्यांना पार्किन्सन आहेच, त्यांनी तर ही औषधं कटाक्षानं टाळायला हवीत. उलटीसाठी गोळी लागलीच तर "मला पार्किन्सन आहे" हे आधी सांगा. अशा वेळी डॉक्टर बहुधा डोम्पेरिडोन निवडतात, तेही हृदयाचा विचार करून.

मानसिक आजाराच्या काही औषधांनीही असा कंप येतो. ती मात्र आपल्या मनानं एक दिवसही बंद करू नका, त्यातून मोठा घात होतो. मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून बदला. अपस्माराचं व्हॅल्प्रोएट, मनोविकारातलं लिथियम, दम्याचं साल्ब्युटामॉल, थायरॉइडच्या गोळीचा जास्त झालेला डोस यांनी येणारा कंप पार्किन्सनपेक्षा बारीक आणि जलद असतो.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून न्या. नाव लिहून नेऊ नका, स्ट्रिपच न्या, कारण कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात छापलेलं औषधच महत्त्वाचं असतं. आयुर्वेदिक चूर्णंही त्यात असू द्या. खाजकुहिलीच्या बियांमध्ये, म्हणजे कवचबीजात, नैसर्गिक लेव्होडोपा असतो. चूर्ण उपयोगी नाही असं मी म्हणत नाही. पण एका चमच्यात तो किती आहे हे ठाऊक नसताना वर लेव्होडोपाची गोळीही चालू असेल, तर मात्रा कुणाच्याच हिशेबात राहत नाही.

वही आणि मोबाइल

भेटीच्या आधी आठवडाभर एका वहीत चार गोष्टी लिहा: गोळीची वेळ, जेवणाची वेळ, कंप कधी व कुठे, झोप कशी लागली. सुवाच्य नसलं तरी चालेल, रोज लिहिलेलं असावं.

व्हिडिओ काढण्याआधी त्या माणसाला विचारा. कुणालाही न सांगता आपलं कापणं टिपलेलं आवडत नाही. उजेड चेहऱ्यावर पडेल असं बसवा, डोक्यापासून पावलांपर्यंत सगळं दिसू द्या. हात मांडीवर ठेवून अर्धं मिनिट, त्यातच उलटे आकडे म्हणायला लावा. मग दोन्ही हात समोर धरून पूर्ण अर्धं मिनिट; पाच सेकंदांत थांबलात तर तो मागाहून येणारा कंप सुटेल. मग स्वतःच्या नाकाला आणि तुमच्या बोटाला आळीपाळीनं बोट लावणं, अर्धा भरलेला पेला तोंडाशी नेणं, पॅसेजमधून चार फेऱ्या आणि एक मिनिट नुसतं उभं राहणं. हे सगळं एकदा सकाळच्या गोळीआधी आणि एकदा गोळीनंतर तासाभरानं करा. डॉक्टरांना त्यातला सगळ्यात बोलका अर्ध्या मिनिटाचा भाग आधी दाखवा.

वही वाचताना पुष्कळदा एक साधं कारण सापडतं. आपल्याकडे गोळी दुधाबरोबर घ्यायची सवय आहे, किंवा जेवण झाल्या झाल्या. दूध, डाळ, पनीर, अंडं, मासे यांतली प्रथिनं आतड्यात आणि मेंदूकडे जाताना लेव्होडोपाच्या वाटेत येतात. ही गोळी पाण्याबरोबर, जेवणाआधी अर्धा ते एक तास घेतली तर बहुतेकांना फरक जाणवतो. मळमळ होत असेल तर सोबत एखादं बिस्किट चालतं. लोहाच्या गोळ्यांमुळेही ती कमी शोषली जाते, म्हणून दोन्हींमध्ये दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. प्रथिनं बंद मात्र करू नका, फक्त वेळ बदला.

थांबू नये अशा वेळा

कंप हळूहळू येतो. एका दिवसात अचानक आला, सोबत चेहरा वाकडा झाला, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला तर ते अर्धांगाचं लक्षण असू शकतं. ताबडतोब रुग्णालय गाठा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला घाम फुटून थरथर सुटली तर आधी साखर मोजा. यंत्र हाताशी नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्या. कावीळ, मूत्रपिंडाचा आजार असलेल्याचे पुढे धरलेले हात मनगटातून खाली पडल्यासारखे हलत असतील आणि तो गुंगीत असेल, तर तेही तातडीचं. चाळिशीच्या आत कंप आला तर तांब्याच्या विकाराची, म्हणजे विल्सन्स डिसीजची, तपासणी करून घ्यावी. तो औषधानं आटोक्यात येतो.

पार्किन्सनच्या गोळ्या एकदम बंद पडल्या तर प्रचंड ताठरपणा, तीव्र ताप आणि बेशुद्धी येऊ शकते. आपल्या भागात हा धोका पावसाळ्यात असतो. 26 जुलै 2005 चा मुंबईतला पूर आठवा. गाड्या बंद, रस्ते पाण्याखाली, दुकानं बंद. जून ते सप्टेंबर घरात किमान पंधरा दिवसांच्या गोळ्या जादा ठेवा. दुसऱ्या कुठल्या कारणासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तर गोळ्यांच्या नेमक्या वेळा कागदावर लिहून परिचारिकेकडे द्या.

चारचौघांत

हात कापणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त छळते ती लोकांची नजर. पितो वाटतं, अशी कुजबुज त्याच्या कानावर येते. तो हात खिशात घालतो, मांडीखाली दाबतो, लग्नाच्या पंगतीला जायचं टाळतो. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनर मुलीनं हेच आपल्या काकांच्या बाबतीत पाहिलं. चहा सांडेल या संकोचानं ते बाहेर कुठे चहा घेईनासे झाले होते. तिनं त्यांच्यासाठी असा कप घडवला की कडेच्या वळणामुळे हात कापला तरी चहा परत आतच पडतो. दिसायला साधा कप, आजारी माणसाचं भांडं वाटत नाही. सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना मात्र सहज चढतात हेही तिच्या लक्षात आलं, आणि तिनं जमिनीवर पायऱ्यांचं चित्र अंथरून त्यांना चालतं केलं. दोन्ही गोष्टी सुचल्या त्या शेजारी बसून निरखल्यामुळे.

घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. कप अर्धाच भरावा, झाकणाचा पेला घ्यावा. आमटी ताटात न वाढता खोलगट वाटीत द्यावी. जेवताना कोपरं टेबलावर टेकवावीत, चमचा जाड मुठीचा घ्यावा. जड चमच्यानं काहींना फायदा होतो, काहींना नाही, घेण्याआधी एखाद्या दिवशी वापरून पाहावा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये स्पर्श किती वेळ झाल्यावर धरायचा हे बदलता येतं, त्यानं एकदा दाबताना दोनदा दाबलं जात नाही. आणि "हात स्थिर ठेव ना" असं म्हणू नका. त्यानं कंप वाढतोच. त्याऐवजी हातात काहीतरी काम द्या, शेंगा सोलायच्या, कपड्यांच्या घड्या घालायच्या.

बँकेत सही जुळत नाही म्हणून चेक परत येतो. नमुना सही नव्यानं देता येते. सही करणंच जमेनासं झालं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अंगठ्याचा ठसा चालतो. त्याला दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा अधिकारी असावा लागतो. शाखेत हे माहीत नसेल तर व्यवस्थापकांना शांतपणे सांगा.

न्यूरॉलॉजिस्टचा सल्ला एकदा तरी घ्याच. खासगी परवडत नसेल तर शीवचं लोकमान्य टिळक, परळचं केईएम, भायखळ्याचं जेजे, मुंबई सेंट्रलचं नायर या चारही रुग्णालयांत न्यूरॉलॉजीचा विभाग आहे. ओपीडीचा वार आधी विचारून निघा आणि गर्दीची वेळ टाळा. मुंबईत 2001 साली सुरू झालेली 'पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी' रुग्ण आणि काळजीवाहकांसाठी आधारगट चालवते, त्यात व्यायाम आणि वाणीचं मार्गदर्शन मिळतं. पुण्याच्या 'पार्किन्सन्स मित्रमंडळा'नं मराठीत भरपूर माहिती उपलब्ध केली आहे. गोळ्या जास्तीत जास्त देऊनही कंप हटत नसेल, तर मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया काही निवडक रुग्णांना चांगली लागू पडते. आपण त्यात बसतो का, हे ती शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रातच विचारावं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत पार्किन्सन आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणीला जावं लागतं, आणि बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के दिव्यांगत्व नोंदलं जावं लागतं. तपासणीच्या दिवशी कंप नेमका दबलेला असू शकतो. म्हणून त्या दिवशीही न्यूरॉलॉजिस्टचे कागद, वही आणि गोळीआधीचा व्हिडिओ बरोबर न्या.